आयसीडी कोडिंगच्या प्रॅक्टिकलला मार्क नेमके कुठे जातात? (हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंट, दुसरं सेमिस्टर)

कर्वेनगर_२२ :

नमस्कार मंडळी. हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटच्या पदवीचं दुसरं सेमिस्टर सुरू आहे, कॉलेज पुण्यातच. महिनाभरात प्रॅक्टिकल आहे आणि ते झालं की लगेच एका मोठ्या रुग्णालयाच्या एमआरडीत (मेडिकल रेकॉर्ड विभागात) पोस्टिंग. प्रॅक्टिकलला पाच फाइल देतात, त्या वाचून आयसीडी-१० चे (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे) कोड लावायचे आणि महिन्याची आकडेवारी काढायची.

अडचण अशी, की गूगलवर मिळणारा कोड आणि लायब्ररीतल्या पुस्तकातला कोड जुळत नाही. डेंग्यूलाच एका ठिकाणी ए९० आहे, दुसरीकडे ए९७. कोणता धरायचा? आकडेवारीत बेड ऑक्युपन्सी (खाटा किती टक्के भरलेल्या) आणि नेट डेथ रेटची (भरतीनंतर ४८ तासांतले मृत्यू वगळून काढलेल्या मृत्युदराची) उत्तरं चुकतात, सूत्र पाठ असूनही. आणि पोस्टिंगला पहिल्या आठवड्यात काय बघून ठेवावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

केसपेपर :

आधी डेंग्यू, कारण त्यात तुमच्या बऱ्याचशा अडचणींचं मूळ आहे. दोन्ही कोड खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या पुस्तकांतले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये पूर्वी ए९० आणि ए९१ होते. ते काढून ए९७ आणला : ए९७.० म्हणजे धोक्याची लक्षणं नसलेला डेंग्यू, ए९७.१ धोक्याची लक्षणं असलेला, ए९७.२ गंभीर, आणि ए९७.९ तपशील न लिहिलेला. अमेरिकेने आयसीडी-१० वरून स्वतःची आवृत्ती केली आहे, आयसीडी-१०-सीएम. ती तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आहे आणि तिच्यात ए९० टिकून आहे. गूगलवर वरवर येणारी संकेतस्थळं बहुतेक अमेरिकन बिलिंगसाठी बनवलेली असतात. सात अक्षरी कोड दिसला, किंवा दुखापतीच्या कोडाच्या शेवटी ए, डी, एस असं अक्षर दिसलं, की समजायचं हे सीएम आहे. तुमच्या प्रॅक्टिकलला जागतिक आरोग्य संघटनेची आवृत्ती असेल तर ते पान बंद करा. पुस्तकाचं वर्षही बघून घ्या. लायब्ररीत जुनी प्रत असेल तर तिच्यात ए९७ सापडणारच नाही.

आता पद्धत. पुस्तकाचे तीन खंड आहेत. कोड शोधायला सुरुवात तिसऱ्या खंडातून, म्हणजे सूचीतून करायची, आणि पहिल्या खंडात जाऊन तो पक्का करायचा. दुसरा खंड नियमांचा. तो कोणी उघडत नाही आणि मार्क नेमके तिथेच जातात. सूचीत शोधताना लीड टर्म (मुख्य शब्द) धरायची असते. 'टिबियाचं फ्रॅक्चर' (नडगीच्या हाडाचं) असेल तर 'फ्रॅक्चर'खाली शोधायचं, टिबियाखाली नाही. 'क्रॉनिक किडनी डिसीज' हा 'डिसीज'खाली. अवयवाच्या नावाखाली शोधत बसलं की वेळ जातो. सूचीतला कोड उतरवून मोकळं होणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण चौथं अक्षर, 'यात समाविष्ट' आणि 'यात नाही' या टिपा पहिल्या खंडातच असतात.

एक फाइल जवळून बघा. डिस्चार्ज समरीवर निदान लिहिलंय 'व्हायरल फीव्हर विथ थ्रॉम्बोसायटोपेनिया' (विषाणूजन्य ताप, प्लेटलेट कमी). फाइलच्या मागच्या बाजूला लॅबचा कागद : एनएस१ (डेंग्यूची तपासणी) पॉझिटिव्ह, प्लेटलेट ४२,०००. नर्सिंग चार्टवर तिसऱ्या दिवशी पोटदुखी आणि सतत उलट्या. विद्यार्थी खूश होऊन ए९७.१ लिहितो. चूक! निदान करणं हे डॉक्टरांचं काम आहे, लॅबच्या कागदावरून कोडरने निदान करायचं नसतं. इथे डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवायची, आणि तीही उत्तर सुचवणारी नको. 'डेंग्यू लिहायचं राहिलं का?' असं विचारायचं नाही. असं लिहा : 'दि. अमुक रोजी एनएस१ पॉझिटिव्ह, प्लेटलेट ४२,०००, पोटदुखी व उलट्यांची नोंद. अंतिम निदान कृपया स्पष्ट करावे.' डॉक्टरांनी समरी दुरुस्त केली की मगच कोड बदलायचा. प्रॅक्टिकलला जे लिहिलंय त्याचाच कोड द्या आणि शेजारी क्वेरीचा मजकूर लिहा. परीक्षकाला तेच हवं असतं. हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. अशा पन्नास समऱ्या तशाच सुटल्या तर ऐन पावसाळ्यात त्या रुग्णालयाच्या रोगसूचीत डेंग्यू होता त्यापेक्षा कमी दिसतो आणि पुढच्या वर्षीचं औषध-खाटांचं नियोजन त्याच सूचीवरून होतं.

निदान पक्कं झालं की त्याचाच भाग असलेलं लक्षण वेगळं कोड करायचं नाही. डेंग्यू लिहिल्यावर वर ताप आर५०.९ कशाला?

'सस्पेक्टेड' शब्दावर बरेच अडखळतात. भरती रुग्णाच्या शेवटच्या निदानातही 'सस्पेक्टेड' किंवा 'प्रोबेबल' राहिलं असेल आणि आणखी काहीच माहिती नसेल, तर दुसऱ्या खंडातल्या नियमानुसार ते निदान सिद्ध झाल्यासारखं धरून कोड द्यायचा. शंका होती पण तपासणीत ती फिटली, तर झेड०३. अमेरिकेत बाह्यरुग्णांसाठी नियम उलटा आहे, तिथे संशयित निदानाला कोड देत नाहीत. व्हिडिओ बघून अभ्यास करणाऱ्यांची गल्लत इथे होते.

अपघाताच्या फाइली पुण्यात कुठेही भरपूर मिळतील, प्रॅक्टिकललाही एक नक्की असते. समरीत फक्त 'आरटीए' (रस्ता अपघात) असतं. तेवढ्यावर कोड होत नाही. जखमी कोण, कशावर होता, कशाला धडकला, हे तीन प्रश्न विचारायचे. उत्तर समरीत मिळत नाही, ते कॅज्युअल्टीच्या कागदावर किंवा एमएलसीच्या (मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस प्रकरणाच्या) नोंदीत असतं. समजा तिथे लिहिलंय, 'स्कूटरवर मागे बसली होती, रिक्षेला धडक, उजव्या टिबियाच्या शाफ्टचं फ्रॅक्चर, जखम नाही.' मुख्य कोड एस८२.२०, शेवटचं शून्य म्हणजे बंद फ्रॅक्चर. उघडं असतं तर एस८२.२१. काहीच लिहिलं नसेल तर बंद धरायचं. सोबत बाह्य कारणाचा कोड व्ही२२.५ : दुचाकीस्वार, दोन किंवा तीन चाकी वाहनाशी टक्कर, मागे बसलेली, रस्त्यावरचा अपघात. तीच गाडी चालवत असती तर व्ही२२.४. मोटारीला धडक असेल तर व्ही२३, बस किंवा ट्रक असेल तर व्ही२४. ओल्या रस्त्यावर नुसतीच घसरली, कशालाही धडकली नाही, तर व्ही२८. रिक्षात बसलेली सवारी जखमी झाली तर गट बदलतो, व्ही३० ते व्ही३९. स्कूटर 'मोटारसायकल'मध्येच मोजतात, वेगळं शोधू नका. बाह्य कारणाचा कोड मुख्य निदान म्हणून कधीही पहिला लिहायचा नाही.

मधुमेहाला डॅगर (†) आणि ॲस्टेरिस्क म्हणजे तारा (*) यांची जोडी लागते. टाइप २ मधुमेहामुळे किडनीवर परिणाम म्हणजे ई११.२† आणि एन०८.३*. डॅगर मूळ आजाराला, तारा त्याच्या परिणामाला. तारेचा कोड एकटा कधी येत नाही. पण डॉक्टरांनी 'डायबेटिक नेफ्रोपॅथी' असा संबंध लिहिलेला असला पाहिजे. मधुमेह एका ओळीत आणि किडनीचा आजार दुसऱ्या ओळीत असेल तर जोडी आपल्या मनाने लावायची नाही, पुन्हा क्वेरी.

बाळंतपणात ओ८२ (सिझेरियन) मुख्य म्हणून लिहिण्याची घाई असते. आधीच्या सिझेरियनच्या व्रणामुळे पुन्हा सिझेरियन केलं असेल तर मुख्य ओ३४.२, आणि ओ८२ सोबतीला. ओ८० ते ओ८४ मुख्य तेव्हाच, जेव्हा त्या प्रकरणातलं दुसरं काहीच नोंदलेलं नसेल. झेड३७ (प्रसूतीचं फलित) आईच्या फाइलवर, झेड३८ (जन्मलेलं बाळ) बाळाच्या. यांची अदलाबदल फार होते.

आकडेमोड :

कोडिंगचं वर झालंच, मी आकडेवारीवर लिहितो. सूत्र पाठ असून उत्तर चुकतं, कारण चूक सूत्रात नसते, छेदात काय धरायचं यात असते.

एक उदाहरण घ्या. १२० खाटा, जुलै महिना. खाटादिवस १२० गुणिले ३१ म्हणजे ३७२०. (इथेच ३० ने गुणणारे निघतात!) रुग्णदिवस २९७६. बेड ऑक्युपन्सी २९७६ भागिले ३७२०, म्हणजे ८० टक्के. खाटा मोजताना मंजूर आणि भरतीसाठी वापरात असलेल्या खाटा घ्यायच्या. कॅज्युअल्टीतल्या निरीक्षणाच्या खाटा, लेबर टेबल, रिकव्हरीतल्या ट्रॉल्या धरायच्या नाहीत. निरोगी नवजात बाळांचे पाळणे वेगळे मोजतात.

डिस्चार्ज मृत्यूंसकट ६२०, आणि या ६२० जणांचे मिळून मुक्कामाचे दिवस २७९०. सरासरी मुक्काम ४.५ दिवस. मुक्काम मोजताना भरतीचा दिवस धरायचा, डिस्चार्जचा नाही. त्याच दिवशी आला-गेला तर एक दिवस. लक्षात घ्या, २९७६ आणि २७९० हे वेगळे आकडे आहेत. पहिला त्या महिन्यात रोज खाटेवर असलेल्यांचा, दुसरा त्या महिन्यात घरी गेलेल्यांचा, मग ते जूनमध्ये का आलेले असेनात. प्रश्नपत्रिकेत दोन्ही दिलेले असतात ते मुद्दामच.

मृत्यू १८, त्यांतले ५ भरतीपासून ४८ तासांच्या आत. ग्रॉस डेथ रेट १८ भागिले ६२०, म्हणजे २.९ टक्के. नेट डेथ रेटसाठी वरूनही ५ वजा आणि खालूनही ५ वजा : १३ भागिले ६१५, म्हणजे २.११ टक्के. खालून वजा करायचं विसरतात, तिथे उत्तर चुकतं. रिकाम्या खाटेचा काळ काढायला सांगितलं तर ३७२० वजा २९७६, म्हणजे ७४४, भागिले ६२०. एक रुग्ण गेल्यावर दुसरा येईपर्यंत खाट सरासरी १.२ दिवस रिकामी.

रोजचा सेन्सस (भरती रुग्णांची मोजणी) रात्री बाराचा. काल शिल्लक ९४, आज भरती २१, डिस्चार्ज १७, मृत्यू १. शिल्लक ९७. पण त्या दिवशी दोघे सकाळी भरती होऊन संध्याकाळी घरी गेले असतील, तर सेन्सस ९७ आणि रुग्णदिवस ९९. वॉर्डमधून वॉर्डमध्ये बदली झालेला रुग्ण एका वॉर्डला वजा आणि दुसऱ्याला अधिक झाला पाहिजे. पूर्ण रुग्णालयाच्या बेरजेत तो दिसता कामा नये. वॉर्डांची बेरीज आणि भरती काउंटरचा आकडा जुळत नसेल तर ऐंशी टक्के वेळा तरी बदलीच एका बाजूला नोंदायची राहिलेली असते, हा माझा अंदाज, पण तिथूनच शोधायला सुरुवात करा.

रॅक_नंबर_७ :

पोस्टिंगबद्दल. पहिल्या आठवड्यात कोडिंगच्या टेबलावर बसायचा हट्ट धरू नका. फाइल वॉर्डमधून खाली येते तिथे उभं राहा. डिस्चार्जच्या यादीशी फाइली ताडून घेणं, कागद ठरलेल्या क्रमाने लावणं आणि त्रुटी काढणं, एवढं हाताखालून गेलं की फाइलमध्ये काय कुठे असतं ते कळतं आणि मग कोडिंगचा वेग आपोआप वाढतो.

त्रुटी बघताना नुसत्या सह्या मोजू नका. सहीखाली तारीख आणि वेळ आहे का? कन्सेंटवर शस्त्रक्रियेचं नाव भरलंय की ती जागा कोरी ठेवून सही घेतलीय? साक्षीदार? ओटी नोट (शस्त्रक्रियेची नोंद) आणि ॲनेस्थेशिया (भुलीच्या) चार्टमधली वेळ एकमेकांशी जुळते का? समरीत 'डावा' आणि ओटी नोटमध्ये 'उजवा' असं तर नाही? समरीतल्या अंतिम निदानाची ओळ कोरी असेल तर ती फाइल कोडिंगला जाऊच नये. त्रुटीची चिठ्ठी लावून परत. नोंद बदलायची असेल तर जिने लिहिली त्याच व्यक्तीने एक रेघ मारून, मूळ शब्द वाचता येईल असं ठेवून, सही-तारीख-वेळ घालून बदलायची. व्हाइटनर दिसला की समजा ती फाइल कोर्टात टिकणार नाही.

रॅकवर टर्मिनल डिजिट पद्धत असेल तर नंबर उजवीकडून वाचा. ४८-२७-१५ ही फाइल १५ च्या विभागात, त्यात २७ च्या गठ्ठ्यात, त्यात ४८ व्या क्रमाला. शंभर विभाग असल्याने नव्या फाइली सगळ्या रॅकवर सारख्या पसरतात. सरळ क्रमाने लावल्या तर सगळी गर्दी शेवटच्या रॅकवर होते आणि चुकीच्या जागी गेलेली फाइल सापडता सापडत नाही. फाइल बाहेर गेली तर तिच्या जागी आउट-गाइड ठेवायचा, कोणी, कधी, कशासाठी नेली ते लिहून.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे दुहेरी यूएचआयडी (रुग्णाचा रुग्णालयातला ओळख क्रमांक). लग्नाआधी वडिलांच्या नावाने नोंद, बाळंतपणाला सासरच्या नावाने दुसरी. मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, त्यामुळे शोधून सापडत नाही आणि काउंटरवर नवा नंबर काढला जातो. मग रक्तगट, ॲलर्जी, आधीचं सिझेरियन सगळं जुन्या नंबरावर राहतं. केसपेपरनी वर ओ३४.२ सांगितलाय ना, त्याचा पुरावाच दुसऱ्या फाइलमध्ये पडलेला असतो. नोंदणीच्या वेळी जन्मतारीख, मोबाइल आणि माहेरचं नाव विचारावं. दोन नंबर सापडले तर एक पुसायचा नाही, दोन्ही जोडायचे आणि जुना नंबर संदर्भ म्हणून जपायचा.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं ठेवायची आणि रुग्णाने किंवा अधिकृत व्यक्तीने मागितली तर ७२ तासांत द्यायची. एमएलसीच्या फाइली या तीन वर्षांत बसवू नका, प्रकरण निकाली निघेपर्यंत त्या कुलपातच असाव्यात. तोंडी परीक्षेला हे हमखास विचारतात.

कर्वेनगर_२२ :

सगळ्यांचे मनापासून आभार, नेट डेथ रेट नेमका तिथेच चुकत होता. दोन शंका राहिल्या. मृत्यूच्या फाइलमध्ये फॉर्म ४ (मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र) वरून मूळ कारण कसं निवडायचं? आणि काही क्लासवाले म्हणतात, पदवीसोबत अमेरिकन कोडिंगची परीक्षा द्या. द्यावी का? सिनिअर म्हणतात स्नोमेड (वैद्यकीय संज्ञांची कोड-यादी) आणि एफएचआयआर (आरोग्यमाहितीच्या देवाणघेवाणीचं मानक) शिका. एवढं सगळं कधी करायचं?

केसपेपर :

फॉर्म ४ हा रुग्णालयातल्या मृत्यूसाठी, जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खाली. घरी झालेल्या मृत्यूला ४-अ. भाग १ मध्ये ए, बी, सी अशा ओळी खाली खाली उतरतात : वरच्या ओळीत शेवटचं, लगतचं कारण, आणि खालची प्रत्येक ओळ वरच्या ओळीला कारणीभूत. समजा ए : सेप्टिसीमिया, बी : पायाचं गँगरीन, सी : टाइप २ मधुमेह. भाग २ मध्ये उच्च रक्तदाब. सर्वांत खालच्या भरलेल्या ओळीतलं कारण वरच्या सगळ्या ओळी घडवू शकतं का, ते बघायचं. इथे घडवू शकतं, म्हणून मूळ कारण मधुमेह, आणि गँगरीन त्याचाच परिणाम असल्याने कोड ई११.५. शेजारी कालावधीचा रकाना असतो, तो वाचा : दोन दिवस, तीन आठवडे, बारा वर्षं असा तो खाली वाढत गेला पाहिजे. खालच्या ओळीचा काळ वरच्यापेक्षा कमी निघाला तर क्रम चुकलाय. भाग २ मधला रक्तदाब साखळीत ओढायचा नाही.

ए ओळीत एकटंच 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलेला फॉर्म आला तर तो परत पाठवायचा. ती मरणाची पद्धत आहे, कारण नव्हे. प्रत्येक माणसाचं हृदय शेवटी थांबतंच. शक्यतो फॉर्म निबंधकाकडे जायच्या आधी एमआरडीत तपासला गेला पाहिजे, नंतर दुरुस्ती फार जिकिरीची होते आणि नातेवाइकांना हेलपाटे पडतात.

सीडॅक_शेजारी :

स्नोमेड आणि आयसीडी एकमेकांच्या जागी येत नाहीत, हे आधी पक्कं करा. स्नोमेड सीटी डॉक्टर नोंद करतात त्या क्षणी, बारीक तपशिलासह. आयसीडी नंतर, मोजणीसाठी. लॅबच्या तपासण्यांना लॉइंक, प्रतिमांना डायकॉम, आणि हे सगळं एका सिस्टिममधून दुसरीकडे न्यायला एफएचआयआर. भारत स्नोमेडचा सदस्य देश आहे, त्यामुळे नोंदणी करून ते आपल्याला फुकट वापरता येतं. त्याचं राष्ट्रीय केंद्र, एनआरसीईएस, आपल्या पुण्यातच सी-डॅकमध्ये आहे. या सेमिस्टरला एवढंच करा : एका डिस्चार्ज समरीची छापील प्रत घ्या आणि पेन्सिलने खुणा करा, हे पेशंट, हे एन्काउंटर, हे कंडिशन, हे ऑब्झर्व्हेशन. एफएचआयआरमधली रिसोर्स म्हणजे हीच. वाक्यावाक्यावर बोट ठेवून हे जमलं की आभाच्या (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या) जोडणीत काय कुठे जातं ते समजायला अवघड नाही. आभा क्रमांक १४ अंकी असतो आणि तो यूएचआयडीची जागा घेत नाही, त्याच्याशी जोडला जातो. फाइलवर दोन्ही हवेत.

अमेरिकन परीक्षा, म्हणजे एएपीसी या तिथल्या कोडरांच्या संस्थेची सीपीसी : १०० प्रश्न, ४ तास, पुस्तकं सोबत. त्यात सीएमसोबत सीपीटी (उपचार-प्रक्रियांचे अमेरिकन कोड) लागतं. बिलिंगच्या कंपनीत काम करायचं असेल तर तिचा उपयोग आहे. पण आत्ता, एका महिन्यावर प्रॅक्टिकल असताना, दोन आयसीडी एकत्र केलीत तर ए९० सारख्या गल्लती वाढतील. जागतिक आवृत्ती पक्की झाल्यावर, शेवटच्या वर्षाला द्या. क्लासची फी भरण्यापूर्वी आपली पदवी कोणत्या रकान्यात बसते तेही बघा. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमात हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकाला किमान २००० तासांचं आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान ३६०० तासांचं शिक्षण धरलंय. कॉलेजच्या ऑफिसातून एकूण तास आणि इंटर्नशिपचे तास लेखी घेऊन ठेवा.

कर्वेनगर_२२ :

कळलं. एक अगदी छोटं विचारतो. मागच्या वेळी माझा कोड बरोबर असून कापला गेला, 'वाचता येत नाही' म्हणून. कोड होता आय२१.०.

केसपेपर :

नेहमीचंच. हाताने लिहिलेला इंग्रजी आय आणि एक सारखेच दिसतात, तसेच ओ आणि शून्य. आणि ही दोन्ही अक्षरं आयसीडी-१० मध्ये मोठ्या प्रकरणांची आहेत, आय रक्ताभिसरणाचं आणि ओ गरोदरपण-बाळंतपणाचं. म्हणूनच आयसीडी-११ च्या कोडांत आय आणि ओ ही अक्षरं वापरलेलीच नाहीत, तिथे डेंग्यू १डी२ ने सुरू होतो. तोवर आयला वर-खाली आडव्या रेघा द्या, शून्याला आतून एक तिरकी रेघ, आणि टिंब ठळक काढा. आय२१.० मधलं टिंब पुसट झालं तरी परीक्षक थांबतो.